स्लॅब, धूर आणि पाटणकर

गेले तीन वीकेंड माझा लॅपटॉप एकाच कामाला जुंपलाय. आमच्या किन्हवलीच्या घरात चूल पेटली की धूर कुठून कुठे जातो, याचा हिशेब. शुक्रवारी रात्री रन लावायचा. पंखा घोंघावायला लागतो, बायको बेडरूमचं दार ओढून घेते, आणि रविवारी दुपारी कधीतरी उत्तर येतं. तेवढ्या वेळात गावजेवण रांधून झालं असतं, असं आईचं म्हणणं. चूक नाहीये ते.

आता हा उद्योग कशासाठी, तर मागच्या पडवीतलं स्वैपाकघर. तिथली कौलं उतरवून पावसाळ्याआधी स्लॅब टाकायचा असं घरात ठरलंय. कौलं म्हणजे दरवर्षी वैशाखात परतायची, माकडं नाचली की फुटणार, आणि परतणारी माणसं आता मिळत नाहीत. शहापूर-मुरबाड पट्ट्यात कुठेही जा, हीच कथा. भावाने पैसे जमवलेत, मिस्त्री ठरलाय. अडलंय एका गोष्टीवर: धुरासाठी स्लॅबला भोक ठेवायचं का, आणि ठेवायचं तर कुठे?

बाबा म्हणतात, भोक ठेवलं की गळणार. आमच्याकडचा पाऊस ज्यांनी पाहिलाय ते बाबांना वेड्यात काढणार नाहीत. मिस्त्री म्हणतात, मोठी खिडकी काढू, धूर आपोआप जाईल. आईला कुणी विचारलंच नव्हतं. आणि त्या धुरात बसणारी तीच, गेली दोन वर्षं खोकतेय तीच. डॉक्टरांनी तपासून एवढंच सांगितलं की धुरापासून लांब राहा. स्लॅब एकदा पडला की पडला. नंतर भोक पाडायचं म्हणजे सळया कापायच्या. त्यामुळे उत्तर काँक्रीट ओतायच्या आधी हवं होतं.

"अरे पण गॅस घ्या ना!" हे वाक्य तुमच्या ओठांवर आलंय, मला माहितीये. गॅस आहे. चहा, वरण, पाहुण्यांचं पटकन काही, हे सगळं गॅसवर. पण तांदळाची भाकरी आणि सगळ्या घराचं अंघोळीचं पाणी चुलीवर. सिलिंडरला पैसे पडतात, सरपण बांधावर फुकट मिळतं. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, घराघरात शेगड्या पोचल्या, आणि तरीही पुष्कळ घरांत दोन्ही एकत्र नांदतात ते याच हिशेबाने. चूल पूर्ण बंद झाली तर आईच्या फुप्फुसांसाठी ते सगळ्यात चांगलं, यात वाद नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० या एका वर्षात घरातल्या धुरामुळे जगभरात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. पण चूल उद्या बंद होणार नाहीये आणि स्लॅब मात्र नक्की पडणार आहे.

मी मूळचा मेकॅनिकलचा. आमच्या पिढीतल्या अर्ध्या मेकॅनिकलवाल्यांसारखा कॉलेज संपल्यावर थेट सॉफ्टवेअरमध्ये शिरलो आणि आता बँकांच्या व्याजाचे हिशेब करणारा कोड लिहितो. कॉलेजात एकच विषय मनापासून आवडला होता: प्रवाह आणि उष्णता यांचं गणित कॉम्प्युटरवर सोडवणं. त्याला सगळे सीएफडी म्हणतात. पंखा, इंजिन, विमान, कारचं बॉनेट, असं काहीही वाकडंतिकडं हवेत किंवा पाण्यात ठेवा. त्याच्याभोवती हवा कशी वळेल आणि उष्णता कुठे जाईल, ते वस्तू बनवण्याआधीच कळतं.

कल्पना अगदी साधी आहे. स्वैपाकघर १० फूट बाय १२ फूट, उंची १० फूट. त्याचे अडीच-अडीच सेंटिमीटरचे ठोकळे करायचे. असे सुमारे २० लाख ठोकळे होतात. प्रत्येक ठोकळ्याचं पतपेढीसारखं पासबुक ठेवायचं. आत किती हवा आली, बाहेर किती गेली. उष्णता किती आली, किती गेली. धूर किती आला, किती गेला. प्रत्येक ठोकळ्यात सहा अनोळखी आकडे: तीन दिशांचे तीन वेग, दाब, तापमान आणि धूर. म्हणजे एकूण १ कोटी २० लाख आकडे, आणि प्रत्येक जण शेजाऱ्यावर अवलंबून. खोलीच्या पार पलीकडे काय चाललंय याची एकाही ठोकळ्याला कल्पना नसते. त्याला फक्त शेजारी दिसतो.

गाडी अडते ती दाबापाशी. वेग काढायला समीकरण आहे, पण त्यात दाब घालावा लागतो. तापमानाला समीकरण आहे. दाबाला मात्र स्वतःचं समीकरण नाही. एवढीच अट आहे की कुठल्याही ठोकळ्यात जितकी हवा शिरेल तितकी बाहेर पडली पाहिजे. मग दाब आणायचा कुठून?

हे समजायला आमच्या भातखाचरांइतकं चांगलं उदाहरण नाही. उतारावर एकाखाली एक खाचरं, मध्ये बांध. बाबा फावडं घेऊन बांधावरून फिरतात. कुठल्या बांधाला किती तोंड पाडायचं याचं कोष्टक त्यांच्याकडे नाही. ते अंदाजाने तोंड पाडतात आणि थोडा वेळ बघत उभे राहतात. खालचं खाचर तुंबायला लागलं की वरचं तोंड थोडं लिंपतात, कोरडं राहिलं तर थोडं रुंद करतात. मग पुढचं खाचर. पुन्हा वर येऊन बघायचं, कारण खालचं बदललं की वरचंही बदलतं. तासाभराने सगळ्या खाचरांत पाणी सारखं उभं राहतं. आणि एकदम मोठं तोंड कधी पाडत नाहीत, नाहीतर खालचा बांधच वाहून जातो.

हवेच्या बाबतीत हेच करायचं. आधी दाबाचा अंदाज धरायचा. त्यावरून वेग काढायचे. मग प्रत्येक ठोकळ्याचं पासबुक तपासायचं. जिथे जमा जास्त तिथे दाब थोडा वाढवायचा, जिथे खर्च जास्त तिथे थोडा उतरवायचा. पुन्हा वेग, पुन्हा तपासणी. दुरुस्तीसुद्धा पूर्ण लावायची नाही. दाबाची जेमतेम ३० टक्के लावायची, नाहीतर बांध फुटतो. म्हणजे स्क्रीनवर आकडे वेडेवाकडे उडायला लागतात आणि रन मरतो. हजार-दोन हजार फेऱ्यांनंतर सगळी पासबुकं जुळतात.

या पद्धतीचं नाव 'सिंपल'. लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं आहेत ती. १९७२ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधून ती प्रसिद्ध झाली आणि ती करणारे दोघे होते ब्रायन स्पाल्डिंग आणि सुहास पाटणकर. हो, पाटणकर! पुण्यात १९४१ साली जन्मलेले. १९६२ मध्ये पुण्यातून इंजिनिअर झाले, १९६४ मध्ये पवईच्या आयआयटीतून एम.टेक., आणि १९६७ मध्ये लंडनला स्पाल्डिंग यांच्या हाताखाली पीएच.डी. पुढे ते अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९८० मध्ये त्यांनी जे पुस्तक लिहिलं ते दोनशेहूनही कमी पानांचं आहे, आणि जगभरातली पोरं अजून त्यावरच हा विषय शिकतात. आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत त्याची एकच प्रत होती आणि ती कायम कुणाच्या तरी हॉस्टेलच्या खोलीत असायची.

मी वापरतोय ते सॉफ्टवेअर म्हणजे ओपनफोम. २००४ पासून फुकट आणि खुलं. त्यात गरम हवा वर चढण्याचं गणित करायचं असेल तर 'बॉयंटसिंपलफोम' अशी कमांड द्यायची. त्या नावाच्या पोटात जे 'सिंपल' आहे ना, ते हेच. किन्हवलीच्या चुलीचा हिशेब पुण्याच्या माणसाच्या पद्धतीने चाललाय, हे मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग त्यांनाच विचार ना भोक कुठे ठेवायचं!"

विनोद सोडा, पण चुलीसाठी गणित वापरायची कल्पना काही माझी नाही. पवईच्या आयआयटीत १९८५ मध्ये ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचं केंद्र सुरू झालं. त्याच आयआयटीतले प्रा. अनिल दाते, ज्यांचं सीएफडीवरचं पाठ्यपुस्तक २००५ मध्ये आलं, त्यांनी लाकडाच्या चुलीचं गणिती मॉडेल १९८० च्या दशकातच केलं होतं. म्हणजे विमानाच्या पंखाचं गणित येणाऱ्या माणसाने चुलीकडे बघणं यात कमीपणा नाही. उलट चूल जास्त अवघड आहे. कशी, ते सांगतो.

विमानाचा पंख गुळगुळीत असतो आणि त्याचा आकार कंपनीकडे फाइलमध्ये तयार असतो. आमची चूल आईने हाताने घातलीये. माती, भाताचा तूस, शेण. दोन बाजू एकसारख्या नाहीत. कडेवर भांडं टेकायला तीन उंचवटे, तेही तीन उंचीचे. बाजूला वैल. आत लाकडं आडवीतिडवी, आणि ती तर दर पाच मिनिटांनी सरकवली जातात. मी चूल विझल्यावर चारी बाजूंनी साठेक फोटो काढले आणि फोटोंवरून त्रिमिती आकार बनवणाऱ्या एका फुकट सॉफ्टवेअरमध्ये टाकले. चूल हुबेहूब स्क्रीनवर आली, आईच्या बोटांच्या खुणांसकट.

आता हा आकार चौकोनी ठोकळ्यांच्या जाळीत बसवायचा. एक मार्ग म्हणजे जाळी आकाराला चिकटवायची: पृष्ठभागाजवळचे ठोकळे आधी कापायचे, मग ओढूनताणून पृष्ठभागावर बसवायचे. ओपनफोम हेच करतं. दुसरा मार्ग चार्ल्स पेस्किन या अमेरिकन गणितज्ञाने दाखवला, तोही १९७२ मध्येच. त्याला हृदयाच्या झडपांभोवतीचं रक्त बघायचं होतं आणि झडपा तर हलतात. दर क्षणी जाळी कोण बदलत बसणार? त्याने जाळी चौकोनीच ठेवली, आकार तिच्यात बुडवला आणि आकार जिथे असेल तिथे प्रवाहावर बल लावलं. सरकणाऱ्या लाकडांसाठी हा मार्ग बरा पडला असता, पण मला निखाऱ्यांवर स्थिर झालेली चूल पुरेशी होती.

जाळी बारीक किती हवी? भांडं आणि चुलीची कड यांच्यामधली फट साधारण दीड सेंटिमीटर. ठोकळे अडीच सेंटिमीटरचेच ठेवले तर कॉम्प्युटरला ती फट दिसतच नाही. त्याच्या लेखी भांडं चुलीला चिकटलंय. मग सगळा जाळ चुलीच्या तोंडातून बाहेर येताना दिसेल आणि आपण म्हणू, वा, काय शोध लागला! म्हणून चुलीजवळ ठोकळे तीनदा अर्धे केले, साधारण ३ मिलिमीटरपर्यंत. त्या फटीत पाच ठोकळे बसतात. सगळी मजा त्या फटीत आहे. आंच भांड्याच्या बुडाला घासून तिथूनच जाते, आणि उष्णता भांड्याला मिळते ती त्या पातळ थरातूनच.

विस्तव किती? सरपण तोलून घेतलं. संध्याकाळच्या स्वैपाकाला तासाला १ किलो २०० ग्रॅम. वाळलेल्या लाकडात किलोमागे साधारण १५ मेगाज्यूल. हिशेब येतो ५ किलोवॅट. बाथरूममधले दोन-अडीच गिझर एकदम चालू असल्यासारखं. त्यातला दहातला जेमतेम एखाददुसरा भाग भांड्यात जातो. बाकी सगळं खोलीत.

आधी जुनं घर, कौलांसकट, चालवून बघितलं. कारण त्याचं उत्तर तपासता येतं. आमच्या स्वैपाकघराच्या वाशांवर आणि भिंतीवर तीस वर्षांची काजळी आहे. एवढा मोठा डेटा कुठल्या लॅबमध्ये मिळणार? कॉम्प्युटरने दाखवलं की धूर सरळ वर न जाता दाराच्या उलट्या बाजूला कलतो, तिसऱ्या-चौथ्या वाशाला लागतो आणि तिथून आढ्याकडे पसरतो. फोटो शेजारी ठेवून बघितला. तिसरा आणि चौथा वासा डांबरासारखे काळे, पहिला नुसता तपकिरी. त्या रविवारी चहा गार झाला तरी मी बघत बसलो होतो.

आणि मग धूर जातो कुठे? कौलांतून. दीडदोनशे कौलं, प्रत्येकाच्या कडेला बारीक फट. आपण त्याला छप्पर म्हणतो, पण धुराच्या दृष्टीने ती चाळण आहे. गरम धूर वर साचतो आणि सगळ्या छपरातून हळूहळू पाझरून जातो. पहाटे लांबून बघितलं तर घराच्या डोक्यावरून वाफ निघाल्यासारखं दिसतं ना, ते हेच. खाली बसलेल्या बाईच्या नाकापर्यंत त्यातला थोडाच येतो. थोडाही वाईटच, पण थोडा.

गंमत म्हणजे पाटणकरांनी पुढे आयुष्यात ज्या गोष्टीवर काम केलं ती म्हणजे डेटा सेंटरमधली हवा. तिथे थंड हवा जमिनीखालून येते आणि भोकं पाडलेल्या फरशांमधून वर रॅकपर्यंत जाते. कुठल्या फरशीतून किती हवा येणार हे फरशीखालचा दाब ठरवतो. तिथे फरशी, इथे कौल. तिथे सर्व्हर गरम होतो, इथे आई. समीकरणं तीच.

आता स्लॅब. मॉडेलमध्ये बदल एकच: वरच्या कडेला जिथे 'चाळण' लिहिलं होतं तिथे 'भिंत' लिहिलं, आणि मिस्त्री म्हणतात ती मोठी खिडकी काढली. बाकी एक आकडा हलवला नाही. धूर वर गेला, स्लॅबला थडकला, चारी बाजूंना पसरला आणि भिंतींवरून खाली यायला लागला. खिडकीच्या वरच्या कडेच्या खाली उतरल्यावरच तो बाहेर पडायला लागतो. वरच्या अर्ध्या खिडकीतून धूर बाहेर, खालच्या अर्ध्यातून हवा आत. म्हणजे धुराचा ढग खोलीत कायमचा टांगलेला, त्याची खालची कड साधारण साडेचार-पाच फुटांवर.

आई बसून रांधते तेव्हा तिचं नाक जमिनीपासून अडीच फुटांवर असतं. पण नव्या स्वैपाकघरात ओटा होणार, चूलही ओट्यावर घेऊ, गुडघ्यांना बरं, असा भावाचा विचार. उभी राहिली की नाक साडेचार फुटांवर. नेमकं ढगाच्या कडेला. आणि वारा खिडकीतून आत आला की ढग ढवळला जाऊन पार जमिनीपर्यंत येतो. घर सुधारायचं, पक्कं करायचं, आणि तिला धुरात उभं करायचं, हे आम्ही पैसे मोजून करणार होतो.

मग धुराडं. वर मोठं टोपडं लावून धूर गोळा करायचा की चुलीलाच पाइप जोडायचा? इथे आकडे डोळे उघडतात. सरपण जळायला हवा लागते सेकंदाला साधारण २ ग्रॅम. पण गरम धूर वर चढताना आजूबाजूची हवा ओढत जातो. चुलीपासून एक मीटर वर बघितलं तर सेकंदाला शंभरेक ग्रॅम हवा वर चाललेली. पन्नास पट! तिथे टोपडं लावलं तर पाइप बादलीएवढा हवा. चुलीच्या मागेच, वैलाच्या पलीकडे पाइप जोडला तर सहा इंची पुरतो. धूर जिथे जन्मतो तिथेच धरायचा.

या पाइपला ओढ किती असते, याचा हिशेब कागदावर करता येतो. बाहेर ३० अंश, पाइपमध्ये सरासरी १०० अंश, चुलीपासून टोकापर्यंत ४ मीटर. उत्तर साडेआठ पास्कल. म्हणजे एक मिलिमीटर पाण्याच्या थरापेक्षाही कमी दाब. बस्स! एवढ्याशा जोरावर सगळा धूर बाहेर जायचा. आणि ताशी १४ किलोमीटरचा वारा भिंतीवर आदळला की ९ पास्कल दाब तयार होतो. संध्याकाळची साधी झुळूक धुराड्याच्या तोडीस तोड आहे. त्यामुळे पाइप कुठेही काढून चालत नाही. टोक स्लॅबच्या कठड्याच्या खाली राहिलं तर कठड्यावरून येणारा वारा तिथे गिरकी घेतो आणि धूर परत खाली दाबतो. कठड्याच्या वर फूटभर काढलं की ओढ सुटत नाही. खिडकी वाऱ्याच्या आडोशाला असली तर उलट खोलीतली हवाच बाहेर खेचली जाते आणि पाइपमधून धूर घरात येतो. दोन संध्याकाळी उदबत्ती घेऊन मी घराभोवती फिरलो. वारा पश्चिमेकडून. खिडकी पश्चिमेलाच हवी.

शेवटची केस लावण्याआधी आईला विचारलं, "तुला धूर सगळ्यात जास्त कधी होतो?"

"आषाढात. सरपण ओलं, आणि पावसाची झड आत येते म्हणून दार-खिडकी सगळं लावलेलं."

दार लावलेलं! सगळं लावलं की पाइप उपाशी. बाहेर जायचं तेवढं आत आलं पाहिजे, नाहीतर पासबुक जुळणार कसं? म्हणून जमिनीलगत, चुलीच्या जवळ, एक फूट बाय सहा इंचांची मोकळी जागा हवी, वर छज्जा असलेली. आई लगेच म्हणाली, "जनावर आत येईल." (आमच्याकडे सापाला साप म्हणत नाहीत.) बारीक जाळी बसवायची ठरली. मग तिने दुसरा प्रश्न टाकला: "सगळी आंच पाइपातून वर गेली तर भाकरी फुगेल कशी?" बरोबर आहे. ओढ जास्त झाली की भांड्याखालून आंच पळते. म्हणजे पाइपात सरकवायची पत्र्याची झडप हवी: पेटवताना उघडी, निखारे झाले की अर्धी बंद. हे मॉडेलने मला सांगितलं नव्हतं. विचारलं असतं तर सांगितलं असतं, पण प्रश्न तिला सुचला.

मला वाटतं या सगळ्या शास्त्राची मेख इथे आहे. आतली समीकरणं विमानाला, सर्व्हरला आणि चुलीला तीच असतात, आणि ती सोडवायची युक्ती पाटणकरांनी पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी देऊन ठेवलीये. आत काय होणार हे कडेला काय आहे यावर ठरतं: छप्पर चाळण आहे की भिंत, दार कधी लावतात, वारा कुठून येतो. आणि कडा ठाऊक असते ती तिथे रोज बसणाऱ्याला. आमच्या घरात तिला विचारल्याशिवाय स्लॅब ठरला होता. आता ठरलेलं असं: सहा इंची जीआय पत्र्याचा पाइप (मिस्त्रींकडे पीव्हीसीचा तुकडा उरला होता, पण पीव्हीसी ८० अंशांच्या आसपासच मऊ पडतो), स्लॅबमध्ये त्याहून मोठी नळी आधीच सोडायची, भोवती सहा इंच उंच काठ, वर टोपी, म्हणजे बाबांचं गळतीचं दुखणं मिटलं, खिडकी पश्चिमेला, खाली जाळीचं भोक, चूल जमिनीवरच. गुडघ्यांसाठी तिला बुटकं स्टूल आणायचंय. मिस्त्रींनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "एवढंच होतं तर आधी सांगायचं ना, दादा."

तुमच्याही गावच्या घरावर स्लॅब पडणार असेल तर लॅपटॉप तापवायची गरज नाही. सळया बांधायच्या आधी चुलीपाशी बसणाऱ्या माणसाला विचारा, आषाढात काय होतं. उत्तर ऐकून मग मिस्त्रींना फोन करा.

पाइपाने धूर नाहीसा होत नाही, तो अंगणात जातो, हेही खरंच. आणि मॉडेल ते मॉडेल. म्हणून धुराचे कण मोजणारं एक छोटं यंत्र मागवलंय. आत्ता, कौलं असताना, चुलीपाशी आठवडाभर ठेवणार, आणि स्लॅब पडल्यावर आषाढात, दार लावून, परत ठेवणार. दोन्ही आकडे इथेच टाकीन. मॉडेलपेक्षा वेगळे आले तरी.